जिल्हा कारागृहात ब्युप्रेनॉर्फिन: आत येतानाच्या गेटपासून सुटतानाच्या गेटपर्यंत डोस कसा टिकवायचा?

कारागृह_वैद्यक (प्रश्न)

नमस्कार. कारागृहाचा दवाखाना सांभाळणाऱ्यांसाठी हा प्रश्न आहे. ओएसटी केंद्रात (नशेच्या जागी पर्यायी औषध देणाऱ्या), मानसोपचार विभागात किंवा फौजदारी कोर्टात काम करणाऱ्यांनीही जरूर लिहावं.

जिल्हा कारागृह, मान्य क्षमतेच्या दुपटीहून जास्त बंदी, बहुतेक कच्चे, म्हणजे खटला अजून चालू असलेले. एक वैद्यकीय अधिकारी, एक औषधनिर्माता, दोन परिचारक. आठवड्याला सहा-सात नवे बंदी गर्दवाले, म्हणजे हेरॉइन घेणारे असतात. बहुतेक पन्नीवर ओढणारे, एखाद-दुसरा सुई घेणारा. बरेच जण सोबत नायट्राझेपामची ‘बटनं’ (झोपेच्या गोळ्या) खातात, मालेगावकडचा असला तर कुत्ता गोळी (अल्प्राझोलाम). सध्याचा शिरस्ता असा: ट्रामाडोल, क्लोनिडिन, डायझेपाम, ओआरएस, पाच ते सात दिवस, मग बंद. उलट्या-जुलाब थांबतात, पण झोप येत नाही आणि तल्लफ जिथल्या तिथे राहते. जामीन झाला की माणूस तसाच बाहेर.

ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे गर्दच्या जागी द्यायचं पर्यायी औषध, सुरू करून ते चालू ठेवायचं आहे. अडतंय ते इथे:

गोळी मिळवायची कुठून? बाजारातून खरेदी चालते का? पीसीत (पोलीस कोठडीत) आठ-दहा दिवस काढून आलेल्या माणसाला सुरू कसं करायचं, कारण त्याची टर्की (नशा सुटल्याचा त्रास) तर लॉकअपमध्येच उतरलेली असते? गोळी तोंडातून बरॅकमध्ये जाणार नाही याची खात्री काय? कोर्टाच्या तारखेच्या दिवशी काय करायचं? आणि संध्याकाळी सातला अचानक सुटका आली तर?

शिवाय अधीक्षकसाहेबांचा प्रश्न आहे, तो टाळता येत नाही: एक नशा सोडवून सरकारी खर्चाने दुसरी लावायची का?

---

मनोविकार_विभाग

आधी पुरवठा. ब्युप्रेनॉर्फिनची २ मि.ग्रॅ.ची गोळी औषध दुकानातून किंवा स्थानिक खरेदीतून घ्यायच्या फंदात पडू नका. व्यसनोपचारासाठी तिचा पुरवठा ठरावीक केंद्रांपुरता आहे. तुम्हाला दोन वाटा आहेत. सुई घेणाऱ्यांसाठी ‘नाको’चा (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेचा) ओएसटी कार्यक्रम २००७-०८ पासून आहे. मुंबईत एमडॅक्स आणि उरलेल्या राज्यात एमसॅक्स या एड्स नियंत्रण संस्था, यांना पत्र लिहून जवळच्या ओएसटी केंद्राचं उपकेंद्र कारागृहात मागा. तिहारमध्ये २००८ मध्ये ओएसटी सुरू झालं आणि पंजाबातल्या कारागृहांतही ओट (अशाच पर्यायी उपचाराची) केंद्रं आहेत, तेव्हा दाखला म्हणून ती दोन नावं पत्रात घाला. अडचण अशी की ‘नाको’चा रोख सुईवर आहे आणि तुमचे बहुतेक रुग्ण पन्नीवाले. त्यांच्यासाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागाशी लेखी जोडणी करा. गोळ्या, प्रिस्क्रिप्शन आणि पंधरा दिवसांतून एक भेट त्यांची, रोजचं वाटप तुमचं. दोन्ही पत्रं एकाच दिवशी पाठवा. एकाचं उत्तर यायची वाट पाहत दुसरं थांबवू नका.

आता सुरुवात. मुलाहिजाच्या (नव्या बंद्याच्या पहिल्या तपासणीच्या) वेळी चार गोष्टी तासासकट लिहून घ्या: काय घेतो, कसं घेतो, शेवटचं कधी घेतलं, सोबत दारू किंवा गोळ्या आहेत का. ‘काल’ असं लिहू नका, ‘काल रात्री ११’ असं लिहा. सगळा निर्णय त्या तासावर उभा आहे.

गर्दची टर्की शेवटच्या झुरक्यानंतर ८ ते १२ तासांनी सुरू होते आणि ३६ ते ७२ तासांत टोकाला जाते. ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतल्या ओपिऑइड जागांना गर्दपेक्षा घट्ट चिकटतं, पण त्यांना अर्धवटच चालू करतं. म्हणून गर्द अजून जागेवर असताना गोळी दिली तर ती गर्दला उखडून टाकते आणि माणूस अर्ध्या-पाऊण तासात भयंकर टर्कीत जातो. बरॅकमध्ये तीच बातमी पसरते, ‘डॉक्टरच्या गोळीने आणखी मारलं’, आणि पुढचे दहा जण गोळीला नाही म्हणतात. म्हणून किमान १२ तास जाऊ द्या आणि घड्याळावर भरवसा न ठेवता काऊज ही टर्की किती आहे ते मोजणारी गुणांची मोजपट्टी भरा. तिच्यात अकरा बाबी आहेत. त्यातल्या नाडी, डोळ्यांच्या बाहुल्या, अंगावरचा काटा, जांभया आणि नाक-डोळ्यांतलं पाणी यांचं सोंग आणता येत नाही. बाहुल्या बरॅकच्या अंधारात पाहू नका, दवाखान्याच्या नेहमीच्या उजेडात पाहा. हाताची बाही वर करून कोपराखालच्या कातडीवरून बोट फिरवा, सोललेल्या कोंबडीसारखी खरखरीत लागली तर गुण द्या. एकूण गुण १२ च्या पुढे गेले की २ मि.ग्रॅ. जिभेखाली. दोन तास दवाखान्यातच बसवा. त्रास उरला तर आणखी २. पहिल्या दिवशी एकूण ८ च्या वर जाऊ नका. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाचा एकूण डोस एकदम द्या आणि गरजेप्रमाणे २ ते ४ वाढवा. बहुतेक जण ८ ते १६ च्या दरम्यान स्थिरावतात.

सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे भीतीपोटी २-४ वर अडकून राहणं. तेवढ्यावर अंगदुखी जाते, तल्लफ जात नाही. मग तो बरॅकमध्ये माल शोधतो आणि ‘औषध चालत नाही’ असा शेरा फाइलवर पडतो.

चुकून टर्की उखडलीच तर गोळी बंद करू नका. दर तासाला २ मि.ग्रॅ. देत पुढे जा, सोबत क्लोनिडिन ०.१ रक्तदाब पाहून आणि उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन. काय झालंय ते त्याला शांतपणे सांगा.

पीसीतून दहा दिवसांनी आलेला माणूस वेगळा आहे, हे तुम्ही बरोबर ओळखलंय. त्याची सहनशक्ती उतरलेली असते. काऊज शून्य असेल, लघवीची पट्टीही कोरी येईल, कारण गर्द पकडणारी मॉर्फिनची पट्टी दोन-तीन दिवसांपुरतंच दाखवते. त्यावरून ‘व्यसन नाही’ असं लिहू नका. वर्षानुवर्षांचा इतिहास, तल्लफ आणि आधीचे उपचार पाहून ठरवा. सुरुवात मात्र ०.४ मि.ग्रॅ.ची एक किंवा दोन गोळ्या. दर दोन-तीन दिवसांनी वाढवत ४ ते ८ पर्यंत यायला दहा-बारा दिवस घ्या. त्याला थेट ८ देणं धोक्याचं आहे, बटनांवर असेल तर फारच. आणि हो, ब्युप्रेनॉर्फिन किंवा ट्रामाडोल मॉर्फिनच्या पट्टीत दिसत नाही, त्यांच्या पट्ट्या वेगळ्या मागवाव्या लागतात.

तुमच्या सध्याच्या शिरस्त्यातली एक गोष्ट आजच थांबवा: बटनं किंवा दारू असलेल्याला ट्रामाडोल. ट्रामाडोलने फिट येण्याचा धोका वाढतो, आणि नायट्राझेपाम एकदम सुटल्यानेही तेच होतं. दोन्ही मिळून तिसऱ्या-चौथ्या रात्री बंद बरॅकमध्ये फिट येते, तेव्हा चावी यायलाच वीस मिनिटं जातात. बटनांवरच्या माणसाला डायझेपामवर घेऊन काही आठवड्यांत हळूहळू उतरवा. ब्युप्रेनॉर्फिन सोबत देता येतं, पण कमी डोसने आणि झोपाळूपणा रोज पाहून. दारूवाल्याचा थरकाप पहिल्या दिवशी, फिट पहिल्या दोन दिवसांत आणि भ्रम साधारण ४८ ते ९६ तासांत. यकृत खराब असेल तर डायझेपामऐवजी लोराझेपाम. ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन, हे परिचारकांच्या टेबलावर मोठ्या अक्षरांत चिकटवा.

महिला विभाग असेल तर एक गोष्ट: गरोदर बाईला गर्द एकदम सोडायला लावू नका. टर्कीने गर्भपात किंवा वेळेआधी प्रसूती होऊ शकते. तिला ब्युप्रेनॉर्फिनवर ठेवा, प्रसूती रुग्णालयाला आधी कळवा, बाळावर किमान चार-पाच दिवस लक्ष ठेवायला सांगा.

---

औषधपाळी

वाटपाबद्दल लिहितो, कारण योजना कागदावर कितीही चांगली असली तरी बंद पडते ती वाटपात.

आधी हिशोब. ४० रुग्ण, सरासरी ८ मि.ग्रॅ., म्हणजे माणशी २ च्या चार गोळ्या. रोज १६०, महिन्याला ४,८००. पुरवठा उशिरा येतोच, म्हणून पाव हिस्सा वर धरून ६,००० हातात हव्यात. १,५०० वर आलात की मागणी लावा. शून्यावर आल्यावर मागणी लावणं म्हणजे ४० जणांना एकाच दिवशी टर्कीत ढकलणं.

कपाट दुहेरी कुलपाचं, चाव्या दोन माणसांकडे. रजिस्टरमध्ये रोजची सुरुवातीची शिल्लक, आलेल्या, दिलेल्या, फुटलेल्या-सांडलेल्या, शेवटची शिल्लक, आणि दोन सह्या. सांडलेल्या गोळीची नोंद न करणं ही सगळ्यात घातक सवय. दोन गोळ्यांचा फरक महिनाभरात पन्नासवर जातो, आणि मग तपासणीत पूर्ण कार्यक्रमच संशयात सापडतो.

आता जिभेखालची पाच मिनिटं. अख्खी गोळी देऊ नका, ती गालात सरकवता येते. गोळ्या समोर कुटा, घडी घातलेल्या स्वच्छ कागदावर पूड घ्या. आधी त्याला दोन घोट पाणी प्यायला लावा, कारण कोरड्या तोंडात पूड विरघळत नाही आणि मग तो सगळी गिळतो. गिळलेलं ब्युप्रेनॉर्फिन जवळपास वाया जातं. बाह्या कोपरापर्यंत वर, हात मांडीवर उघडे, खिशाला हात नाही. जीभ टाळ्याला लावायला सांगून पूड खाली सोडा. लाळेने ती ओली होऊन पांढरी पेस्ट होते. ती पेस्ट नाहीशी होईपर्यंत, साधारण पाच ते दहा मिनिटं, बोलणं नाही, थुंकणं नाही. मग बॅटरी मारून जिभेखाली, जिभेवर, दोन्ही गालांत आणि वरच्या हिरड्यांच्या मागे पाहा. वरची हिरडी सगळे विसरतात, आणि पूड तिथेच चिकटवली जाते. शेवटी पाणी तोंडात खळबळवून गिळायला लावा. याने दातही वाचतात. ब्रश मात्र तासाभराने.

पाच-पाच जणांना बाकावर बसवलं तर ४० जणांच्या आठ तुकड्या होतात. प्रत्येकीला दहा मिनिटं धरली तर ऐंशी मिनिटांत काम उरकतं. एक परिचारक पूड देतो, दुसरा फक्त पाहतो. जो देतो त्यानेच पाहायचं असं ठेवलंत तर कोणीच पाहत नाही. वॉर्डर दारात उभा असावा, बाकाजवळ नको. कोणाला किती डोस आहे हे त्याला कळायचं कारण नाही, आणि कळलं की ते दुपारपर्यंत सर्कलभर होतं.

तरी गोळी बाहेर जाईल. गेली तर आधी कारण शोधा. एखाद्याला बरॅकमधला दादा धमकावून मागवत असेल. एखाद्याला डोस कमी पडतोय म्हणून अर्धा आत्ता, अर्धा रात्री घ्यायचा असेल. आणि उपचाराच्या यादीत नाव न लागलेले बाहेर टर्कीत असतील, तेच खरे गिऱ्हाईक. पहिल्याची जागा बदला, दुसऱ्याचा डोस वाढवा, तिसऱ्यांना यादीत घ्या. डोस बंद करणं ही शिक्षा होऊ देऊ नका. डोस थांबवायचा की कमी करायचा हे वैद्यकीय अधिकारी ठरवेल, जेलर नाही, हे पहिल्याच बैठकीत लेखी घ्या.

तारखेचं उत्तर वेळेत आहे. उद्याच्या तारखांची यादी आदल्या संध्याकाळी कार्यालयात तयार असते. तिची एक प्रत रोज दवाखान्यात यायला हवी. सकाळी बरॅक उघडून गिनती झाली की तारखवाले पहिल्या तुकडीत, पोलीस पार्टी यायच्या आत. तारखा फार असतील त्या आठवड्यात ब्युप्रेनॉर्फिन एक दिवसाआड दुप्पट देता येतं. ८ वाल्याला १६ एका दिवशी, दुसरा दिवस कोरा. हे स्थिर झालेल्या रुग्णांपुरतंच ठेवा.

रमजानचा विचार आधीच करा. महिना सुरू झाल्यावर बाकावर बसलेला माणूस उठून जातो आणि डोस तुटतो. इफ्तारच्या वेळी बरॅक बंद झालेली असते, तेव्हा परिचारकाने त्या महिन्यापुरतं बरॅकच्या दारात जाऊन वाटप करायची परवानगी अधीक्षकांकडून आठवडाभर आधी घ्या.

---

निर्व्यसनी_वाट (समुपदेशक)

वरच्या सगळ्याबद्दल आदर राखून विचारतो. कारागृहात माल मिळणं मुळात अवघड. माणूस तीन आठवडे कोरडा राहिला की खरी संधी असते. तेव्हा नॅल्ट्रेक्सोन ५० मि.ग्रॅ. रोज दिलं तर गर्द घेतलं तरी चढत नाही. ना नार्कोटिक, ना दुहेरी कुलूप, ना बाजारात किंमत. मग ब्युप्रेनॉर्फिनचा एवढा व्याप कशाला?

---

मनोविकार_विभाग

प्रश्न योग्य आहे, कारण अधीक्षकांच्या डोक्यातही हेच असतं.

नॅल्ट्रेक्सोन वाईट औषध नाही. दारूवाल्यांसाठी तर जरूर वापरा. पण गर्दमध्ये त्याला दोन अटी आहेत: आधी ७ ते १० दिवस पूर्ण कोरडेपणा, आणि नंतर रोज स्वतःहून गोळी गिळण्याची इच्छा. आत असताना परिचारक देतो म्हणून घेतो, सुटल्यावर दुसऱ्या दिवशी सोडतो. गोळी सोडली की अडथळा गेला, आणि सहनशक्ती मात्र शून्यावर आलेली. तो पूर्वीचीच पुडी पूर्वीच्याच मापाने ओढतो किंवा टोचतो आणि श्वास थांबतो.

वॉशिंग्टन राज्यात १९९९ ते २००३ दरम्यान सुटलेल्यांचा अभ्यास आहे. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका त्याच वयाच्या इतर लोकांच्या १२९ पट निघाला. इंग्लंडच्या कारागृहांवरचा २०१७ चा अभ्यास सांगतो की मेथाडोन (असंच दुसरं पर्यायी औषध) किंवा ब्युप्रेनॉर्फिन चालू असताना सुटलेल्यांत पहिल्या चार आठवड्यांतले मृत्यू ७५ टक्क्यांनी कमी झाले. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याने २०१६ मध्ये सगळ्या कारागृहांत मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन आणि नॅल्ट्रेक्सोन ही तीनही औषधं उपलब्ध केली. सुटलेल्यांचे ओव्हरडोस मृत्यू २०१६ च्या पहिल्या सहामाहीत २६ होते, २०१७ च्या पहिल्या सहामाहीत ९. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये १९८६ पासून कारागृहात मेथाडोन आहे.

अधीक्षकसाहेबांना एवढंच सांगा: इन्सुलिन रोज घेणारा माणूस इन्सुलिनचा नशेबाज नसतो. स्थिर डोसवरचा रुग्ण झिंगत नाही. तो कोठीत, कारखान्यात काम करतो, रात्री झोपतो. जागतिक आरोग्य संघटनेने मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही दोन्ही औषधं २००५ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली आहेत. आणि कारभाराच्या भाषेत: उपचार चालू असला की बरॅकमधली मारामारी, चोरी, हात कापून घेणं, मध्यरात्रीचे रुग्णालयाचे एस्कॉर्ट हे सगळं कमी होतं. त्यांचं मन बहुतेक याच मुद्द्याने वळेल.

मेफेड्रोन म्हणजे एमडीवाल्यांना मात्र यातलं काहीच लागू नाही. त्यांच्यासाठी बदली औषध नाही, हे समुपदेशकांना स्पष्ट सांगा, नाहीतर तेही रांगेत येऊन बसतात.

---

फौजदारी_वकील

कायद्याची बाजू, थोडक्यात पण नेमकी.

एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा १९८५ च्या कलम ८(क) मधली बंदी वैद्यकीय व वैज्ञानिक उपयोगाला लागू नाही. कलम ७१ नुसार व्यसनींच्या उपचारासाठी केंद्रं स्थापण्याचे आणि औषध पुरवण्याचे अधिकार सरकारला आहेत. ब्युप्रेनॉर्फिन मनोप्रभावी पदार्थांत मोडतं. मेथाडोन २०१४ च्या दुरुस्तीनंतर ‘अत्यावश्यक नार्कोटिक औषध’ आहे आणि त्याला मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेची वेगळी प्रक्रिया लागते. जिल्हा कारागृहाने सुरुवात ब्युप्रेनॉर्फिनने करणंच सोयीचं. एचआयव्ही कायदा २०१७ चं कलम २२ हेही वाचून ठेवा. संसर्गाचा धोका कमी करण्यासाठीच्या उपायांना ते संरक्षण देतं आणि पर्यायी औषधोपचार त्यात येतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था स्पष्टपणे धरल्या आहेत, आणि कलम १०३ बंद्यांबद्दल आहे. म्हणून अधीक्षकांना पाठवायच्या प्रस्तावात ‘व्यसनमुक्ती उपक्रम’ हा शब्द न घालता ‘कलम १०३ खालील उपचार’ असं लिहा. उपक्रम अधिकाऱ्याच्या मर्जीवर चालतो, वैधानिक जबाबदारी टाळता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांतला नियम २४ उपचारातल्या सातत्याबद्दल बोलतो आणि त्यात अमली पदार्थांच्या व्यसनाचा उल्लेख आहे.

संमती लेखी, मराठी किंवा हिंदीत, आणि तुरुंगाधिकाऱ्याच्या अनुपस्थितीत घ्या. ‘गोळी घेतली तर बरॅक बदलून मिळेल’ किंवा ‘नाही घेतली तर मुलाखत बंद’ असं काही झालं तर ती संमती नव्हे. कच्च्या बंद्याला मोठी भीती असते की उपचार घेतला म्हणजे गुन्हा कबूल केला. त्याला सांगा की मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ खाली त्याची वैद्यकीय माहिती गोपनीय आहे आणि उपचाराची फाइल तपास अधिकाऱ्याच्या हातात द्यायची नाही. कोर्टाने मागितली तर ती सीलबंद जाईल. बंद्यांची यादी ‘ओएसटी’ असं शीर्षक लावून भिंतीवर चिकटवणं हा थेट भंग आहे, ते कुठे असेल तर काढा.

आता पुन्हा एनडीपीएस. सेवनाच्या कलम २७ मध्ये किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात असलेल्या व्यसनी आरोपीला कलम ६४अ खाली स्वेच्छेने शासनमान्य संस्थेत उपचार घेतल्यास खटल्यातून संरक्षण मिळू शकतं. हेरॉइनचं अल्प प्रमाण ५ ग्रॅमपर्यंत आहे. दोषी ठरल्यावर कलम ३९ खाली कोर्ट शिक्षेऐवजी उपचारासाठी सोडू शकतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे वकील आठवड्याला कारागृहात येतात. दवाखान्याने अशा बंद्यांकडे, त्यांची परवानगी घेऊन, वकिलांचं लक्ष वेधावं. मदत क्रमांक १५१००.

---

नाक्यावरून (ओएसटी संपर्क कार्यकर्ता)

डॉक्टर, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर बोलतो. संध्याकाळच्या सुटकेवर.

सुटकेची तयारी सुटकेच्या दिवशी होत नाही. जामिनाचा आदेश येतो, नाव पुकारतात, सामान घेऊन माणूस तासाभरात बाहेर. परिचारक तोवर घरी गेलेला असतो. म्हणून सुटकेचं कार्ड उपचार सुरू होतो त्याच दिवशी भरून फाइलला टाचून ठेवायचं. त्यावर औषध, डोस, ज्या केंद्रात जायचं त्याचा पत्ता, वार आणि वेळ, आणि एक ओळ ‘शेवटचा डोस’ रिकामी. रोज वाटप झालं की ती तारीख पेन्सिलने बदलायची. कार्ड गेटवरच्या सुटका टेबलावर जातं, कुलूपबंद दवाखान्यात नाही. आज सकाळचा डोस झालेला असेल तर ब्युप्रेनॉर्फिन उद्या दुपारपर्यंत धरतं. तेवढ्या वेळात माणूस केंद्रावर पोचला पाहिजे. शनिवारी सुटला तर? केंद्र रविवारी चालू आहे का हे कार्डावर लिहा. बंद असेल तर शुक्रवारी आणि शनिवारी सुटू शकणाऱ्यांचा डोस वैद्यकीय अधिकाऱ्याने आधीच विचारात घ्यावा.

‘जवळचं केंद्र’ म्हणजे कारागृहाजवळचं नाही, तो झोपतो त्याच्याजवळचं. कल्याणच्या माणसाला ठाण्याचा पत्ता दिला तर तो जाणार नाही, वाटेत त्याचा अड्डा लागतो. घर नसेल, स्टेशनवर राहत असेल, तर कुठल्या स्टेशनची कुठली बाजू, पूर्व की पश्चिम, हे विचारून लिहा. संपर्क कार्यकर्त्याला त्यावरच तो सापडतो. आधार कार्ड नसलं तरी केंद्रावर नोंद व्हावी म्हणून कारागृहाच्या शिक्क्याचं, फोटोचं पत्र सोबत द्या. त्या पत्रावर गुन्ह्याचं कलम नको.

घरचे मुलाखतीला येतात तेव्हा, बंद्याने हो म्हटलं तर, त्यांना दहा मिनिटं दवाखान्यात बसवा. त्यांना तीनच गोष्टी कळायला हव्यात. एक, बाहेर आल्यावर पूर्वीचं माप घेतलं तर जीव जातो. दोन, घोरण्यासारखा खरखर आवाज, निळे ओठ, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या आणि हलवून न उठणं ही झोप नव्हे. कुशीवर वळवा, श्वास द्या, १०८ ला फोन. मीठ-पाणी पाजणं, थंड पाण्याखाली धरणं, छातीवर मारणं, यातलं काही नाही. तीन, गोळी बंद करायला घरातून दबाव नको. ‘आता सुटलास, गोळी कशाला’ हे वाक्य आई-बायकोच प्रेमाने म्हणतात.

दवाखान्यात नॅलोक्सोनच्या (ओव्हरडोसवरचा उतारा) ०.४ मि.ग्रॅ.च्या किमान दहा अँप्युल ठेवा. दंडात स्नायूत द्या, दोन-तीन मिनिटांत श्वास आला नाही तर परत. त्याचा असर गर्दच्या आधी उतरतो, म्हणून जागा झाला तरी दोन-तीन तास सोडू नका. रात्रपाळीच्या हवालदाराला अँप्युल कुठे आहे हे ठाऊक हवं.

दुसऱ्या कारागृहात वर्ग होणारे बंदी सगळ्यात जास्त निसटतात. वर्ग यादी निघाली की त्या कारागृहाच्या दवाखान्यात फोन करा: तिथे गोळी आहे का? नसेल तर वर्ग थांबवायची वैद्यकीय शिफारस लगेच लिहा. न लिहिता पाठवलेला माणूस दुसऱ्या दिवशी रात्री टर्कीत असतो आणि तिथले लोक त्याला ‘नाटक’ म्हणतात.

---

कारागृह_वैद्यक

सगळ्यांचे मनापासून आभार. ट्रामाडोलचं आजपासूनच बंद केलं, वर्ग यादीची प्रत उद्या मागतो. एक शंका राहिली. यादीतल्या दोघांना क्षयरोगाचे उपचार चालू आहेत, दोघांच्या औषधांत रिफॅम्पिसिन आहे. काही फरक पडतो का? आणि एखाद्याचे डोस चुकले तर कितव्या दिवशी नव्याने सुरुवात करायची?

---

मनोविकार_विभाग

फरक पडतो, आणि कारागृहात क्षयरोग जास्त असल्याने हा प्रश्न पुन्हा पुन्हा येणार. रिफॅम्पिसिन यकृताला ब्युप्रेनॉर्फिन लवकर मोडायला लावतं. आठवडा-दोन आठवड्यांत तोच डोस कमी पडायला लागतो: संध्याकाळनंतर जांभया, घाम, अस्वस्थता. याला ‘जास्त गोळी मागतोय’ समजू नका. काऊज भरा आणि २-२ ने वाढवा, दीडपट-दुप्पट लागला तरी घाबरू नका. क्षयाचं औषध मात्र त्यासाठी थांबवायचं नाही. रिफॅम्पिसिन संपेल त्या तारखेवर आत्ताच कॅलेंडरमध्ये खूण करा, कारण पुढच्या दोनेक आठवड्यांत यकृत पूर्ववत होतं आणि वाढवलेला डोस जड पडू लागतो. तेव्हा झोपाळूपणा पाहत उतरवा.

चुकलेल्या डोसचं असं: दोन दिवसांपर्यंत तोच डोस. तीन ते पाच दिवस झाले असतील तर मधल्या काळात काय घेतलं ते विचारा, लघवी तपासा, अर्ध्याने सुरू करून दोन दिवसांत मूळ डोसवर या. पाचहून जास्त दिवस गेले तर नवा रुग्ण समजून पुन्हा काऊजपासून. मधे गर्द घेतलं असेल तर १२ तासांचा नियम पुन्हा लागू, कितीही ओळखीचा रुग्ण असला तरी.

---

औषधपाळी

क्षयाच्या त्या दोघांसाठी एक जोड. क्षयाच्या गोळ्या आणि ब्युप्रेनॉर्फिन एकाच बाकावर, एकाच वेळी द्या. आधी जिभेखालची पूड पूर्ण विरू द्या, तोंड तपासा, मगच पाण्यासोबत क्षयाच्या गोळ्या. पूड विरायच्या आधीच त्या दिल्यात तर अर्धी पूड त्याच पाण्याबरोबर पोटात जाते. आणि दोन्ही औषधं एकत्र ठेवलीत की ज्याला ब्युप्रेनॉर्फिन हवंच आहे तो क्षयाचा डोस चुकवत नाही.